जनुकाचा पत्ताही महत्त्वाचा!

परभणीच्या काळ्या रानातली बीटी पऱ्हाटी जनुकशास्त्राचा एक मोठा धडा देते. जनुक कोणतं, याइतकंच ते गुणसूत्रावर कुठे बसलंय हेही महत्त्वाचं असतं.

क्ष-किरणांचा मारा केलेल्या फळमाशांमध्ये हर्मन मुलर यांना लाल-पांढरे ठिपकेदार डोळे दिसले. त्यांनी हे १९३० मध्ये मांडलं. लाल रंगासाठी लागणारं जनुक शाबूत होतं. फक्त ते गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाजवळ सरकलं होतं. त्यामुळे काही पेशींत चालू, काहींत बंद!

कापसातही जागेचा असाच प्रभाव पडतो. मातीतल्या जिवाणूचं बीटी जनुक पेशीत सोडलं, की ते नेमकं कुठे बसेल हे आधी ठरवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ अनेक रोपं तपासतात आणि बोंडअळीला मारक प्रथिन पुरेसं व सातत्याने बनवणारं रोप निवडतात. जनुक एका विशिष्ट जागी बसण्याच्या अशा प्रत्येक घटनेला ‘इव्हेंट’ म्हणतात. भारतात २००२ मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस ‘मॉन ५३१’ या इव्हेंटचा.

‘एनएचएच ४४’ हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं गाजलेलं संकरित वाण. अशा जुन्या वाणात बीटी गुण संकरातून आणतात, तेव्हा जनुकाची निवडलेली जागा तशीच कायम राहते.