करडाच्या पोटात जे जाईल, तेच आपल्या ताटात येईल

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "व्यापारी म्हणतो, महिनाभर मका चारा, बोकड भरेल. भरतो तो खरंच, पण काय भरतं? मांस की चरबी?" प्रश्न सगळ्यांनाच पटला. आज त्याच्यावरच बोलू.

आधी मटणात काय असतं ते पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मटणात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व असतं. शेळीची चरबी मांसात कमी आणि आतड्यांभोवती, मूत्रपिंडाभोवती जास्त साठते. म्हणून हे मटण मुळातच कमी चरबीचं. चाऱ्याने प्रथिनं फारशी बदलत नाहीत. बदलतं ते मांस किती धरतं, आणि चरबी किती नि कसली असते.

आता करडाचं पोट समजून घेऊ. जन्मलं तेव्हा त्याचं कोठीपोट तयार नसतं. दूध त्याला वगळून थेट चौथ्या पोटात जातं. म्हणून नुसत्या दुधावरच्या करडाच्या चरबीवर आईच्या दुधाची छाप असते. दुधात लोह कमी, त्यामुळे फक्त दुधावर फार दिवस ठेवलेल्या करडाचं मांस फिकट राहतं. पंधराव्या दिवसापासून कोवळा पाला तोंडाशी बांधला की करडू चघळायला लागतं आणि कोठीपोट वाढतं. पुढे चाऱ्यातली चरबी तिथले सूक्ष्मजीव बदलून टाकतात. तरी हिरव्या पाल्यातल्या चांगल्या चरबीचा, ज्याला ओमेगा-३ म्हणतात, थोडा भाग मांसापर्यंत पोचतो. पाल्यावर वाढलेल्या बोकडात ती जास्त सापडते. नुसत्या धान्यावर वाढलेल्यात ती घटते, आणि पोटातली चरबी वाढते. म्हणजे व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जे वाढलं, त्यातलं बरंच आपण कापताना बाजूला काढतो.

मग धान्य द्यायचंच नाही का? तसं नाही. उपाशी करडू मांस धरत नाही. पण बेताने द्यायचं. आम्ही गटात असं ठरवलंय:

जन्मल्यावर अर्ध्या-एक तासात चीक पाजायचा. दोन-अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात मिळून पाव लिटरच्या आसपास चीक जायला हवा. "चीक जड पडतो" म्हणून पिळून टाकायचा नाही, रोगाशी लढायची ताकद त्याच्यातूनच येते. पुढे अडीच-तीन महिने दूध. घरच्या चहासाठी काढायचं ते करडाचं पोट भरल्यावरच. तीन महिन्यांच्या करडाला शंभर ग्रॅम भरडा, वाढेल तसा पाव किलोपर्यंत. त्यात मका-ज्वारीबरोबर थोडी पेंड आणि क्षारमिश्रण. बाकी पोट शेवरी, हादगा, बोर, लसूणघास यांनी भरायचं. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि पाणी कायम समोर हवं.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. लग्नाचा उरलेला भात वाया कशाला घालवायचा म्हणून आम्ही तो करडांपुढे ओतला. एकदम एवढं पिठूळ पोटात गेलं की कोठीपोटात आम्ल तयार होतं. सकाळी तीन करडं पोट फुगून पडलेली होती, त्यातलं एकच वाचलं. गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळीची ती करडं होती. हप्ता मात्र चुकला नाही, तो सगळ्यांनी मिळून भरला. तेव्हापासून खुराक वाढवायचा तो आठ-दहा दिवसांत, थोडाथोडा.

अजून एक. जंताचं किंवा दुसरं औषध दिलं असेल, तर किती दिवस मांस खायचं नाही हे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा. तेवढे दिवस बोकड विकायचाही नाही आणि कापायचाही नाही.

शेवटची गोष्ट आपल्या ताटाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाला तोडतो आपण, राखतो आपण, आणि रविवारी रस्सा तेवढा आपल्या वाट्याला येतो. मांसातलं लोह शरीराला भाजीतल्यापेक्षा सहज लागतं. तेव्हा दोन फोडी स्वतःसाठी आधी काढून ठेवा, वर लिंबू पिळा, आणि चहा तास-दीड तासाने घ्या. ज्या मैत्रिणी मांस खात नाहीत, त्यांनी डाळ-उसळ, पालेभाजी लिंबाबरोबर घ्यावी.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या करडाचं वजन लिहून आणा. काय चारलं तेही लिहा. मग व्यापाऱ्याशी भाव आपण ठरवू.