तंबूतील शल्यविशारद आणि ‘मॅश’

कोरियाच्या युद्धात (१९५०–५३) अमेरिकी सैन्याने ‘मॅश’, म्हणजे आघाडीच्या मागोमाग हलवता येणारी, तंबूंत थाटलेली शस्त्रक्रिया रुग्णालये उभारली होती. त्यांपैकी ८०५५ क्रमांकाच्या तुकडीत काम केलेले शल्यविशारद रिचर्ड हॉर्नबर्गर यांनी ‘रिचर्ड हूकर’ या टोपणनावाने, क्रीडापत्रकार डब्ल्यू. सी. हाइन्झ यांच्या साहाय्याने लिहिलेली ‘मॅश’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील तरुण डॉक्टरांचा वात्रटपणा काहीसा उथळ वाटला, तरी जखमींवर तासन्‌तास शस्त्रक्रिया करताना येणारा थकवा आणि रोजचा मृत्यू पचवण्याचा तोच त्यांचा मार्ग असल्याचे हळूहळू उमगते. या कादंबरीवरील १९७० च्या चित्रपटानंतर १९७२ ते १९८३ पर्यंत चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेला लाभलेला युद्धविरोधी सूर मात्र हॉर्नबर्गर यांना रुचला नाही.