आंकडेमोड आणि मेंदूचें चित्र

पांच मोठे कीं सहा, असें कोणी विचारल्यास सुशिक्षित माणसाला हंसूंच येईल. तरीहि ‘दोन मोठे कीं नऊ’ या प्रश्नापेक्षां ‘पांच कीं सहा’ या प्रश्नाला तो किंचित् उशिरानें उत्तर देतो. हा विलंब १९६७ सालीं मॉयर व लँडाउर यांनीं मोजला. सेकंदाचा लहानसा अंश, एवढाच तो असतो. परंतु त्यावरून असें दिसतें कीं, आंकड्याचें चिन्ह वाचून मन थांबत नाहीं, त्याचें मोठेपणहि तें एखाद्या मापपट्टीवर ठेवून पाहतें.

ही मापपट्टी मेंदूंत कोठें असावी? पूर्वीं अशा प्रश्नांचीं उत्तरें रोग्यांच्या दुर्दैवांतून मिळत. १९२४ सालीं व्हिएन्ना येथील डॉ. योझेफ गेर्स्टमान यांनीं स्वतःच्या हाताचीं बोटें ओळखूं न शकणाऱ्या एका रोग्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें असें आढळलें कीं, मेंदूच्या डाव्या बाजूस, माथ्याकडील भागास इजा झाली म्हणजे बोटांची ओळख, डावें-उजवें, लेखन आणि हिशेब हीं चारहि एकदम बिघडूं शकतात. लहान मूल बोटांवरच मोजावयास शिकतें हें ध्यानांत घेतां ही सोबत मोठी कुतूहलाची आहे.

निरोगी माणसाचा मेंदु न्याहाळण्याची सुलभ सोय मागाहून झाली. प्राणवायूनें भरलेलें रक्त व तो देऊन चुकलेलें रक्त यांचे चुंबकीय गुण भिन्न असतात. त्यामुळें शक्तिमान् चुंबकाच्या साह्यानें मेंदूंतील रक्ताचे फेरबदल टिपतां येतात, हें १९९० सालीं सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. जो भाग काम करूं लागतो, तिकडे ताजें रक्त अधिक धांवतें. मात्र चित्रांतील रंगीत ठिपका म्हणजे विचाराचें छायाचित्र नव्हे. साधी बेरीज सेकंदांत आटोपते, आणि रक्ताची भरती शिगेला पोचावयास पांच-सहा सेकंद लागतात. शिवाय आंकडा वाचणें, कळ दाबणें यांनींहि मेंदूंत हालचाल होतेच. म्हणून एकाच बाबतींत भिन्न अशीं दोन कामें देऊन त्यांच्या चित्रांची वजाबाकी करावी लागते.

स्तानिस्लास देहेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत हीच युक्ति आहे. चार अधिक पांच म्हणजे नऊ कीं सात, हा एक प्रश्न. तें उत्तर आठाला जवळ कीं तिनाला, हा दुसरा. नेमक्या उत्तराच्या वेळीं मेंदूचा डावीकडील पुढला, भाषेशीं निगडित असा भाग अधिक राबला; अंदाजाच्या वेळीं माथ्याखालील दोन्ही बाजूंचे भाग. याच संशोधनांत रशियन व इंग्रजी जाणणाऱ्यांना कांहीं बेरजा एका भाषेंत शिकविल्या होत्या. नेमकें उत्तर दुसऱ्या भाषेंत विचारतांच त्यांना अधिक वेळ लागे. अंदाज दोन्ही भाषांत सारखाच जमे. मराठींत पाढे घोकलेला गृहस्थ इंग्रजी कचेरींत जन्म घालवूनहि मनांतला गुणाकार मराठींतच करतो, त्याचें मर्म यांत असावें.

अमुक भाग कामांत सामील होता, एवढेंच चित्र सांगतें. त्यावांचून काम अडतें काय, हें समजण्यास अद्यापिहि रोग्यांकडे पाहणें उपयोगी पडतें. देहेन व कोहेन यांनीं १९९१ सालीं वर्णिलेल्या एका रोग्याच्या मेंदूची डावी बाजू फार दुखावली होती. दोन अधिक दोन नेमके किती, हें त्याला सांगतां येईना. उत्तर साधारण केवढें असावें, हें मात्र त्याला ठाऊक होतें.