मुकादमाची गाडी येण्याआधी

सकाळी 6. दिवाळी सरली की आधी पाडा, मग शाळा. आमच्या अक्राणी तालुक्यात घरं गावासारखी जवळ नसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीवर. चौथीतल्या एका मुलीच्या अंगणात गाठोडी बांधून तयार आहेत. कोयता, तवा, मक्याचं पीठ. गाडी संध्याकाळी, गुजरातेत ऊसतोडीला.

"पोरगी आजीपाशी राहू द्या," मी म्हणतो.

"मग फडावर धाकट्याला कोण पाहील, गुरुजी?" आई विचारते.

प्रश्न खरा आहे. मुली शाळेतून गळतात त्या अशा धाकट्यांपायी. "त्यालाही ठेवा. अंगणवाडी शाळेला लागूनच आहे." आजी काही बोलत नाही.

साडेनऊ. स्वयंपाकवाल्या ताई झऱ्यावरून हंडा आणतात. मी तांदूळ मोजून देतो, माणशी 100 ग्रॅम.

साडेदहा, परिपाठ. कायद्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक; सोबतचे गुरुजी आज बैठकीला, म्हणून चारही वर्ग माझ्याकडे. पहिलीची मुलं घरी पावरी बोलतात. गोष्ट आधी पावरीत, नंतर मराठीत. माझी पावरी अडखळली की मुलंच सुधारतात, आणि त्याच वेळी ती सगळ्यात मोकळी बोलतात.

बारा, गणित. "मोळी 25 किलोची. एका टनाला मोळ्या किती?" गेल्या वर्षी फडावर जाऊन आलेला मुलगा पाटीला हात न लावता सांगतो, "चाळीस." मग मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फळ्यावर मांडतो, टनाचा दर मांडतो, आणि अंगावर किती राहिलं ते मुलं काढतात. हा हिशोब घरात कुणाला तरी आलाच पाहिजे. आईबापांना तो मुकादमाच्या तोंडून ऐकावा लागतो.

दीड, खिचडी. चार वाजता शाळा सुटते आणि मी रेंजसाठी टेकडी चढून माहिती भरतो.

सहा. गाडी आली. ती मुलगी आणि धाकटा आजीपाशी राहिले. पलीकडच्या दोन घरांतली मुलं गेली. तिथे सांभाळायला कुणी मागे उरत नाही. अशाच मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण मंजुरी गाड्या निघून गेल्यावर येते. मंजुरी देणाऱ्यांना एवढीच विनंती: आदेश दसऱ्याआधी काढा.