आमच्या गावात काय आहे बघण्यासारखं?

“आमच्या गावात काय हो आहे बघण्यासारखं? समुद्र आहे, देऊळ आहे. झालं!” कोकणातल्या कुठल्याही लहान गावात घरच्या बाईला विचारा, बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. बोरिवलीतल्या आमच्या महिला मंडळाची सहल दरवर्षी मी किनाऱ्यावरच्या एखाद्या गावी नेते आणि दरवर्षी हे ऐकते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकीही कितीजणी असंच म्हणत असतील!

खरं तर या उत्तरात आपलं नुकसान आहे. गावात काय आहे हे गावातल्या बाईनं सांगितलं नाही, तर ते दुसरंच कुणीतरी ठरवतं. मग हॉटेलं होतात, वाळूवर गाड्या फिरतात, पाण्यातले खेळ येतात. आलेल्या कुटुंबातले पुरुष आणि मुलं समुद्रात जातात; बाई मात्र चपला, मोबाइल आणि पिशव्या सांभाळत वाळूवर बसते. गावातल्या बाईच्या वाट्याला येतं ते हॉटेलातल्या भांड्यांचं काम. पाहुणी आणि यजमानीण, दोघीही सहलीच्या कडेलाच!

पण हे चित्र बदललेली गावंही आहेत. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. नाना फडणवीसांचं हे गाव. इथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात, खाल्ली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांचं रक्षण सुरू केलं. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवायची, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे याचाच कासव महोत्सव झाला. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत लोक तळहाताहूनही लहान पिल्लांची पाण्याकडची धडपड बघायला येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. तिथं जेवण घरातली बाईच वाढते, पण आता त्या ताटाचे पैसे मिळतात. रोजच्या स्वयंपाकाला किंमत आली, ही काय लहान गोष्ट आहे?

वेंगुर्ल्याचं उदाहरण तर आणखी पुढचं. मांडवी खाडीत कांदळवन आहे. आपल्याकडे गोराई-मनोरीला जाताना दिसतं तेच, ज्याच्याकडे आपण चिखल म्हणून नाक मुरडतो. वेंगुर्ल्यात ‘स्वामिनी’ महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये त्याच कांदळवनात होडीतून सफर सुरू केली. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बाया स्वतः वल्ही मारतात आणि झाडं, पक्षी, खेकडे यांची माहिती सांगतात. ‘बायकांना काय होडी चालवता येणार?’ म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. आणि मासळीची पैदास या चिखलातच होते, हे तिथं कळलं की नाक मुरडणंही थांबतं.

काही ठिकाणं अशी, की जवळून जातो पण ठाऊक नसतात. दापोली तालुक्यातलं मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. (रायगडमधलं जंजिऱ्याचं मुरूड वेगळं बरं का!) १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याच गावात आज त्यांचं स्मारक आहे. आमच्यातल्या दोघी लग्नानंतर, घर सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन एसएनडीटीच्या पदवीधर झालेल्या. त्या तिथं हात जोडून उभ्या राहिल्या. बाकीच्या गप्पा आपोआप थांबल्या.

अलिबागला सगळे कुलाबा किल्ला बघतात. पण तिथली चुंबकीय वेधशाळा? मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथं अजून होतात. मुलांना बाहेरून जरी दाखवलं, तरी प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

आता एक कळकळीची गोष्ट. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. समुद्र वरून शांत दिसतो, पण भरती-ओहोटी आणि पाण्याची ओढ गावच्या माणसालाच कळते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा. कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येतं, पण परतायची वेळ ठरवूनच निघा. होडीत लाइफ जॅकेट मिळालं नाही तर बसू नका. भीड बाळगू नका! आणि गावातल्या बायांनो, पाहुण्यांना तुम्ही स्वतःहून सांगा. तुमच्या एका शब्दानं जीव वाचेल.

हे सगळं आजच सांगण्याचं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किनाऱ्यावरचे. म्हणजे अलिबाग, हर्णै, मालवण या भागांत गर्दी वाढणार. ती नुसता कचरा टाकून जाणार, की गावच्या घरांत दोन पैसे ठेवून जाणार? बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असेल का? आमच्या सहलीत पहिला प्रश्न हाच असतो. त्याच्यापायी कितीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. ग्रामसभेत, नगरपरिषदेत हा विषय आपणच काढायला हवा.

सहलीला जाणाऱ्यांनी एवढं करावं : एक तरी जेवण घरगुती खाणावळीत घ्यावं, आणि कोकम, आंबापोळी, खाजं बचत गटाकडून घ्यावं. आणि एक दिवस पिशव्या नवऱ्याकडे देऊन पाण्यात पाय बुडवावेत!

गावात राहणाऱ्यांनी शेजारच्या चौघींना घेऊन बसावं आणि कागदावर गावातल्या पाच गोष्टी लिहाव्यात. संध्याकाळचा मासळीचा लिलाव, जुनी विहीर, देवळाची जत्रा, आजीच्या हातचा एखादा पदार्थ, खाडीवरचे पक्षी… काहीही चालेल. पाहुणे तर येणारच आहेत. त्यांना काय दाखवायचं, हे निदान आपण ठरवू या!