जेल नेल्स: बाटली, दिवा आणि ताईची बोटं

आजचा विषय आहे नखं. मुलांनो, लगेच पुढे ढकलू नका. यात केमिस्ट्री आहे, एक दिवा आहे आणि माझ्या ताईचा धंदा आहे.

झालं असं, की मैत्रिणीच्या लग्नाआधी मी पुण्यातल्या एका भारी नेल सलूनमध्ये गेले. एसी, मंद गाणी, वर कॉफी. दीड तास आणि 1800 रुपये. नखं करणारी मुलगी ग्लोव्ह्ज घालून होती. जेल नखाशेजारच्या कातडीला जरा जरी लागलं, की दिव्याखाली हात घालायच्या आधी ती ते पुसायची. मला वाटलं, किती चिकित्सक आहे ही!

पुढच्या आठवड्यात दारव्ह्याला घरी आले. माझी मावसबहीण तिथे घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप आणि वर्षभरापासून जेल नेल्स. तिने माझी नखं बघितली आणि खूश झाली. मी तिची बोटं बघितली आणि गप्प झाले. टोकं लाल, कातडी सोललेली, भेगा पडलेल्या.

"ताई, हे काय गं?"

"काही नाही वं, भांड्याच्या साबणानं होते."

साबणानं नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही ॲक्रिलेटची ॲलर्जी आहे. मग मी वाचायला बसले. जे समजलं ते सांगते.

साधी नेलपॉलिश वाळते, म्हणजे तिच्यातलं द्रावक उडून जातं आणि रंग मागे राहतो. जेल वाळत नाही, ते जोडलं जातं. लहानपणी आपण साखळीचा खेळ खेळायचो ना? ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला. जेलमधले छोटे रेणू, म्हणजे ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट, ही सुटी पोरं. ज्याच्यावर राज्य तो फोटोइनिशिएटर. दिव्याचा प्रकाश पडला, की तो खेळ सुरू करतो आणि काही सेकंदांत घट्ट साखळी तयार होते. दाताच्या डॉक्टरकडे निळा लाईट मारून सिमेंट भरतात, तिथेही हाच खेळ. ॲक्रेलिक नखांची सुरुवातही तिकडचीच: 1950च्या दशकात फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने स्वतःचं तुटलेलं नख दाताच्या ॲक्रेलिकने सांधलं होतं.

आता खरी गोम. राज्य असलेला पोरगा कोणत्याही हाकेला उठत नाही. त्याला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश लागतो. एलईडी दिवे साधारण 365 आणि 405 नॅनोमीटरचा प्रकाश देतात. एका कंपनीची बाटली आणि दुसऱ्याच कंपनीचा दिवा असेल, तर वरून नख कडक लागतं, पण आत काही पोरं सुटीच राहतात. दिव्यावर 48 वॉट लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, तरंगलांबी नव्हे. जाड थर आणि गडद रंगही प्रकाश आतपर्यंत जाऊ देत नाहीत.

हे सुटे रेणू कातडीत शिरतात. त्यातला हेमा हा सगळ्यात बदनाम. शरीराने एकदा त्याला शत्रू ठरवलं, की ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. नंतर दातात सिमेंट भरताना किंवा सांधा बदलताना वापरलेल्या ॲक्रेलिकचाही त्रास होऊ शकतो. म्हणून हे डॉक्टरला आधी सांगायचं. सगळ्यात जास्त धोका गिऱ्हाइकाला नाही, रोज हात घालणाऱ्या ताईला. साधे पातळ ग्लोव्ह्जसुद्धा हे रेणू काही मिनिटांत पार करतात, त्यामुळे ते सारखे बदलावे लागतात. ताई तर ऑनलाइन मागवलेलं स्वस्त किट उघड्या हातांनी वापरत होती.

दिव्याच्या यूव्हीचं काय? 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या संशोधकांना दिसलं, की 20 मिनिटं दिव्याखाली ठेवलेल्या पेशींपैकी 20 ते 30 टक्के मेल्या. पण त्या प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशी होत्या, जिवंत हात नव्हता. तरी सनस्क्रीन लावा किंवा बोटं उघडी राहतील असे हातमोजे घाला. शिवाय युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून टीपीओ या फोटोइनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, कारण प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याचा प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला होता. बाटली घेताना घटक वाचा.

मी हे सगळं ताईला साखळीचा खेळ सांगूनच समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "समजलं मले. पण लग्नाचा सीझन तोंडावर हाय. नवऱ्या नखंच मागतात. त्याईले काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1800 रुपयांत मला जी काळजी मिळाली, ती ताईला कुणी शिकवलीच नव्हती. किटसोबत तसा कागदही आला नव्हता.

सध्या तिने जेल बंद केलंय. मेहंदी आणि मेकअप सुरू आहे. बोटं भरून येतायत. कमाई थोडी घटली आहे, ते खोटं कशाला बोलू?

तुमच्या ओळखीत जेल नेल्स करणारी कुणी असेल, तर हा एपिसोड तिला पाठवा. आणि पुढच्या वेळी नखं करायला गेलात, की आधी तिची बोटं बघा. भेटू पुढच्या भागात!