पैसे पात्याला द्या, मुलाम्याला नको

गेल्या खंडेनवमीला आमच्या देवासच्या घरी पाटावर एक नवी तलवार होती. नात्यातल्या एका लग्नात मानाची म्हणून आलेली. मखमली म्यान, सोनेरी मूठ, मुठीवर लाल खडे. हळदकुंकू वाहून झाल्यावर थोरल्या काकांनी ती उचलली, तेव्हा मूठ त्यांच्या हातात सरळ राहिली आणि पाते मात्र अर्धा वळसा फिरले. सगळे गप्प झाले. पैसे कमी दिलेले नव्हते. त्याच रकमेत चांगली तलवार मिळाली असती, हे मला नंतर कळले. तेव्हापासून या विषयाची जेवढी माहिती मिळेल तेवढी मी गोळा करत आलो आहे. भाव वाढत असताना ती उपयोगी पडावी म्हणून इथे मांडतो.

माळव्यातला हा जुना नाद

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूरचा पराभव केला; त्या मोहिमेत उदाजी पवार होते. अमझेरा आज धार जिल्ह्यात आहे. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन गाद्या झाल्या आणि त्यांना थोरली पाती, धाकटी पाती अशी नावे पडली. या फौजांबरोबर आलेल्या घरांत खंडेनवमीची शस्त्रपूजा अजून होते. जुन्या तलवारी वाटण्यांत, स्थलांतरांत, कधी गंजून निघून गेल्या. पाट रिकामा ठेवायचा नाही म्हणून प्रतिकृती आल्या. पुढे लग्नातला मान, सत्कार, शिवजयंतीची मिरवणूक आणि दिवाणखान्याची भिंत यांसाठीही त्या घेतल्या जाऊ लागल्या.

संग्राहकाची गोष्ट थोडी वेगळी. त्याला धोप हवी असते, म्हणजे मराठ्यांची लांब, सरळ पात्याची तलवार. किंवा फिरंग हवी असते, जिचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ इथे चढवलेली. कुणाला दांडपट्टा लागतो, तर कुणाला युरोपातल्या सरदाराची क्रूसासारख्या मुठीची तलवार.

अस्सल तलवार कुठल्या कुठे गेली

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची फिरंग लंडनहून मुंबईला आली. महाराष्ट्र शासनाने ती लिलावातून घेतली आणि वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. पात्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव आहे. त्याआधी मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार लंडनच्या लिलावात १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली होती. शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी जगदंबा तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात युवराज एडवर्डला कोल्हापूरहून भेट दिली गेली, ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

अशा बातम्या आल्या की प्रतिकृतींची मागणी चढते. अस्सल वस्तू दुरून बघायची आणि तिच्यासारखी घरी असावी असे वाटायचे, यात गैर काही नाही. पण मागणीबरोबर घाईने केलेला मालही बाजारात येतो, आणि तो दिसायला नेहमी जास्त चकचकीत असतो.

भाव कशाने चढले

पोलादाने सुरुवात केली. २०२१-२२ मध्ये ते इतके महागले की केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये बऱ्याच पोलादी मालावर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये काढले. तरीही एका तलवारीत लागते किलो-दीड किलो पोलाद, त्यामुळे नुसत्या पोलादाने किंमत फारशी हलत नाही. मुठीचे पितळ जास्त बोचते, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबे टनाला ११ हजार डॉलरांच्या वर गेले होते. कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकून काढलेली नक्षी, करून घ्यायची तर सोने एप्रिल २०२५ मध्येच तोळ्याला लाखाला टेकले.

सगळ्यांत मोठा खर्च मात्र माणसाच्या हाताचा आहे. पाते घासणे, त्याला उतार देणे, सरळ करणे, पॉलिश करणे ही कामे यंत्राच्या पट्ट्यावर होतात, पण पट्ट्यापुढे उभा असतो तो कारागीर. हे काम शिकलेली माणसे थोडी आहेत. किंमत वाढू न देण्यासाठी कारखानदाराला सोपा मार्ग एकच: घासाईचे तास कमी करायचे. ही कपात दुकानात दिसत नाही, कारण सोनेरी मूठ तेवढीच चमकत असते.

परदेशातल्या मराठी घरांना वेगळा फटका बसला. देहरादूनला तलवारींचा मोठा निर्यातधंदा आहे. तिथल्या विंडलास स्टीलक्राफ्ट्सची सुरुवात १९४३ साली गुरखा पलटणींच्या खुकऱ्यांपासून झाली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा न्यू जर्सीतल्या माणसाला इथली तलवार घरपोच मागवणे आणखी जड झाले.

आधी काट्यावर ठेवा

पैशाचा मोबदला मिळतो की नाही, याची पहिली परीक्षा वजनाची. तलवार जड म्हणजे दमदार ही समजूत काढून टाका. युद्धात वापरायची एकहाती तलवार साधारण किलोभराची, फार तर सव्वा-दीड किलोची असे. माळव्यातली असो की जर्मनीतली, माणसाचे मनगट सारखेच. दिवसभर घोड्यावर बसून दोन किलोचे लोखंड कोण फिरवील? बाजारातल्या कितीतरी प्रतिकृती मात्र दोन किलोंच्या घरात जातात.

त्याचे कारण पात्याच्या उतारात आहे. जुन्या तलवारीचे पाते मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे जाताना दोन-तीन मिलिमीटरवर येते. रुंदीही हळूहळू कमी होते. काहींच्या मध्यातून खोबण काढलेली असते. तिला लोक रक्ताची नाळ म्हणतात, पण ती असते वजन घटवून पाते ताठ ठेवण्यासाठी. स्वस्त प्रतिकृती सपाट पत्र्यातून कापतात, मुठीपाशी जेवढी जाड तेवढीच टोकापाशी. मग सगळा भार पुढे जातो.

दुकानात जाताना खिशात साधा व्हर्निअर ठेवा. मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या चार बोटे आधी अशी तीन मापे घ्या. तिन्ही आकडे सारखे आले तर ती शोभेची वस्तू आहे आणि तिचा भावही शोभेच्या वस्तूचाच असायला हवा. नंतर पाते बोटावर आडवे तोलून बघा. मुठीपासून चार-सहा बोटांवर तोल सापडला तर हातात ती जिवंत वाटेल. वीतभर पुढे सापडला तर कुदळ.

युरोपीय तलवारींच्या शौकिनांना ईवर्ट ओकशॉट हे नाव ठाऊक असते. पात्याचा आकार, खोबण आणि टोक पाहून त्यांनी मध्ययुगीन तलवारींचे दहाव्यापासून बाविसाव्या क्रमांकापर्यंत प्रकार लावले. विक्रेता प्रकार सांगत असेल तर त्याच प्रकारच्या संग्रहालयातल्या तलवारीचे वजन शोधून शेजारी मांडा. हे काम फुकटात होते आणि किती हजार वाचवते, याला हिशोब नाही.

मुठीच्या आत

इथे सर्वांत जास्त फसवणूक होते, कारण आतले दिसत नाही. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पात्याचा मुठीत जाणारा भाग आखूड पण रुंद असे आणि तो गरम लाख-राळेत घट्ट बसवत. म्हणून मुठीत लाख निघाली तर नाक मुरडू नका, ती परंपराच आहे. युरोपीय तलवारीत हाच भाग मुठीतून आरपार जाऊन मागच्या गोळ्याबाहेर निघतो आणि त्याचे टोक ठोकून रिपिटासारखे पसरवलेले असते. दोन्ही पद्धती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत.

वाईट प्रकार तिसरा. पात्याच्या टोकाला बोटाएवढा बोल्ट वेल्डिंगने चिकटवायचा, वरून पोकळ मूठ घालायची आणि मागून नट कसायचा. वेल्डिंगच्या जागी पोलादाचा कडकपणा बिघडलेला असतो, तिथेच ते तुटते. तपासणी सोपी आहे. मूठ एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने मनगटावर हलके ठोका. पाते थरथरून शांत झाले पाहिजे. आतून खडखड आली तर तलवार परत ठेवा. परज, म्हणजे मुठीवरची आडवी पट्टी, हलते का तेही पाहा. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘आतला भाग किती रुंद आहे, पात्याचाच आहे की जोडलेला?’ चांगला माणूस हाताने माप दाखवून उत्तर देतो.

पोलाद आणि पाणी

स्टेनलेस चकाकते आणि सहसा गंजत नाही, म्हणून भिंतीसाठी ठीक. लांब पात्याला मात्र कार्बन पोलाद हवे. १०६० लिहिले असेल तर साधारण ०.६० टक्के कार्बन, १०९५ म्हणजे ०.९५ टक्के. आकडा मोठा म्हणजे तलवार चांगली असे नव्हे. कार्बन वाढला की पाते कडक होते आणि ठिसूळही. आपल्याकडे गाड्यांच्या कमानपट्ट्यांचे पोलाद उत्तम मिळते, लोहार त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोयते-कुऱ्हाडी घडवत आले आहेत.

खरी गुणवत्ता ठरते ती पाणी देण्यात. पाते पळसाच्या फुलासारखे तांबडे-केशरी तापवतात. ७७० अंशांच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते, त्याच्या थोडे पुढे नेऊन तेलात किंवा पाण्यात बुडवतात. मग पुन्हा मंद तापवून कडकपणा उतरवतात, म्हणजे वाकवल्यावर पाते परत सरळ होते. स्वस्त प्रतिकृतीत हीच पायरी वगळली जाते. पाते थोडे वाकवून बघण्याची परवानगी जो विक्रेता देतो, त्याच्याकडे हजार-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ द्यावेत. ‘जोहरदार’ म्हणून लाटांची नक्षी दाखवतात, तीही तपासा. पुष्कळदा ती तेजाबाने वरवर काढलेली असते आणि एका घासणीत पुसट होते.

लोहारदा आणि धारचा स्तंभ

लोखंडाचे हे काम माळव्याला नवे नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, सतवास-कांटाफोडच्या बाजूला, लोहारदा आहे. गावाच्या नावातच लोहार ऐकू येतो. माळव्यात गाडिया लोहारही फिरत असतात. चितोड सोडून निघालेल्यांचे आपण वंशज, असे ते सांगतात. तलवार कुणी मागत नाही, त्यामुळे त्यांच्या गाड्याजवळ मिळतात खुरपी, विळे, चिमटे.

आणि धारला लाट मशिदीच्या आवारात मोठा लोखंडी स्तंभ तीन तुकड्यांत पडला आहे. मिळून तेरा मीटरांहून लांब, सात टनांवर वजन. लोखंडाचे तुकडे तापवून एकावर एक ठोकत तो घडवला. ज्या मुलखातल्या हातांनी एवढे लोखंड एकजीव केले, त्या मुलखातल्या माणसाने पत्र्याला बोल्ट चिकटवलेली तलवार मानाची म्हणून द्यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कायदा थोडक्यात

शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत तलवारी आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. ज्या भागात सरकारने अधिसूचना काढली आहे तिथे परवाना लागतो. त्यामुळे संग्रहासाठी धार न लावलेली, टोक बोथट केलेलीच घ्या, पावती जपून ठेवा आणि शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारा. मिरवणुकीत परजणे किंवा वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे यावरून गुन्हे दाखल होतात. आणि कुणी शंभर वर्षांहून जुनी ‘अस्सल’ तलवार परदेशी पाठवायला सांगत असेल तर तसे करू नका. पुरावस्तू अधिनियम १९७२ प्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही.

दहा हजार असतील तर

समजा, तुमच्याकडे दहा हजार रुपये आहेत. या रकमेत तीन शोभेच्या तलवारी येतील किंवा एक बरी. मी एकच घेईन, आणि तीही साध्या लोखंडी मुठीची, खडे-मुलामा नसलेली. मूठ पुढे बदलता येते, कोफ्तगिरीही पैसे साठल्यावर करून घेता येते. पाते बदलता येत नाही. गुंतवणूक म्हणून मात्र प्रतिकृती घेऊ नका, घरी आणली की तिचा भाव उतरतो. आवडीने बघायची, हातात धरायची वस्तू म्हणूनच घ्या. घेण्याआधी पुण्याचे केळकर संग्रहालय किंवा साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय एकदा बघा. डोळ्याला अस्सल आकाराची सवय झाली की दुकानातले निम्मे पर्याय आपोआप गळतात.

फिरलेल्या पात्याचे काय झाले

आमची ती तलवार मी लोहारद्याच्या बाजूच्या एका लोहाराकडे नेली. त्यांनी मूठ शेकली, पाते ओढून काढले. आत बोटाएवढा बोल्ट, अर्धे वेल्डिंग सुटलेले. तो बोल्ट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. पात्याचाच मागचा भाग घासून रुंद शेपूट काढले, त्यामुळे पाते चार बोटे आखूड झाले. मग लाख वितळवून मूठ बसवली. पावसाळ्यात मखमली म्यान ओल धरते, म्हणून पाते आता बाहेरच असते. शिवणयंत्राच्या तेलाचा हात देऊन, सुती कापडात गुंडाळून, काकांच्या कपाटावर.